हजेरीपटाबाहेरची बाळंतीण



बाळंतपणाची पगारी रजा असे आपल्या गावात कोणी म्हटले तर लोक हसतील. मृगात सरकी लावायची, पोळ्यापर्यंत निंदण, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी, मध्येच ज्वारीची सोंगणी. दोन जिवांची बाई यातले काय सोडते? सातव्या महिन्यातही कमरेला ओटी बांधून ती पऱ्हाटीच्या ओळीत उभी असते.

कायदा आहे. मुंबई इलाख्यात कारखान्यांतील बायांसाठी तो १९२९ सालीच झाला. देशाचा कायदा १९६१ चा. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सारे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. अट मात्र तीच राहिली : बाळंतपणाआधीच्या १२ महिन्यांत मालकाकडे ८० दिवस काम.

८० दिवस! निंदण-वेचणीतच ते भरून जातात. पण मोजणार कोण? आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. वेचणीचा हिशेब तर किलोवर. आणि घरच्या वावरात राबणाऱ्या बाईचा मालक कोण, नवरा? या कायद्याला कारखाना, खाण, दहा नोकरांचे दुकान ठाऊक आहे. चहाचा मळासुद्धा ठाऊक आहे. कापसाचे वावर तेवढे नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी बायांना हा हक्क २००० साली सर्वोच्च न्यायालयात मिळाला. त्यांची नावे निदान हजेरीपटावर होती.

कोणी म्हणेल, बोजा शेतमालकावर टाका. याला आमचा साफ विरोध आहे. कापसाच्या भावात ज्याची घरची मजुरीही सुटत नाही, तो २६ आठवड्यांचा रोज कुठून देणार? तो बायांना कामाला बोलावणेच बंद करील. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या विधेयकाला पाठिंबा देतानाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते, की हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तेच मान्य केले. सरकारी नोकरीतल्या आणि असा लाभ इतरत्र मिळणाऱ्या सोडून प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये. ना हजेरी, ना वर्गणी. मग २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली : ५,००० रुपये, तेही पहिल्याच बाळंतपणाला. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००, ही सवलत एप्रिल २०२२ पासूनची. मुलगा झाला तर काही नाही. कायद्यातला 'प्रत्येक' योजनेत येईपर्यंत कुठे सांडला? २६ आठवड्यांवर ५,००० वाटून पाहा. दिवसाला २७ रुपये पडतात.

पात्रतेच्या यादीत किसान सन्मान निधी घेणारी महिला शेतकरी आहे. पण सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावे! लक्ष्मीमुक्तीत ज्यांनी जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे केली, त्यांनाच ही ओळ उपयोगी. बाकीच्यांनी तिथे अडून बसू नये. अन्न सुरक्षेची शिधापत्रिका, ई-श्रम कार्ड किंवा ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, यातला एक कागद पुरे. खाते मात्र बाईच्याच नावे, आधारला जोडलेले हवे. नोंदणी अंगणवाडीत होते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत : वर्षात बाळंतपणे किती झाली आणि पैसे किती जणींच्या खात्यावर आले. ज्यांचा अर्ज परत आला, तो कोणत्या कागदावरून, तेही लिहून आणा. ठराव त्यावरच मांडायचा आहे.