मुक्कामी गाडीच्या चालकाने झोपायचे कुठे?



डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली आणि वैमानिकांची झोप हा देशभर चर्चेचा विषय झाला. त्यांना आठवड्याला सलग 48 तास विश्रांतीचा नियम त्याआधीच झाला होता, तो योग्यच. अमेरिकेत फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ विमान पडून 50 माणसे गेली. सहवैमानिक रात्रभर प्रवास करून ड्युटीवर आली होती, कॅप्टनने आदली रात्र विमानतळावरच्या कर्मचारी-कक्षात काढली होती. अपघात थकव्यानेच झाला असे चौकशीने म्हटले नाही. पण दोघांनाही तिथे हक्काची खाट नव्हती, हे उघड झाले.

आमच्या अहेरी-भामरागडकडे विमान नाही, एसटी आहे. तिचा चालक अंधारात, जंगलातून खड्डे चुकवत मुक्कामी गाडी आणतो आणि कितीतरी गावांत त्याच गाडीच्या बाकावर आडवा होतो. खिडक्या लावल्या तर जीव गुदमरतो, उघडल्या तर डास. आणि राज्यातल्या हिवतापात आमच्या गडचिरोली जिल्ह्याचा वाटा किती मोठा, हे सांगायला नको. पहाटे वाघ-अस्वलांच्या मुलखात डबा घेऊन झुडपाकडे जायचे. मग तोच माणूस गाडीभर जीव घेऊन निघतो. महिला वाहकाला अशी ड्युटी देणार तरी कशी?

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिले होते की कामगाराला रात्री थांबावे लागते तिथे मालकाने विश्रांतीची खोली किंवा पर्यायी सोय द्यावी. रेल्वेच्या लोको पायलटला रनिंग रूम मिळते, मग एसटीवाल्याने काय पाप केले?

एसटी महामंडळाजवळ पैसा नाही, असे कोणी म्हणेल. पण बांधकाम मागतो कोण? ग्रामपंचायतीने समाजमंदिरातली एक खोली द्यावी, महामंडळाने दोन खाटा, दिवा आणि थोडे भाडे. दूरच्या गावच्या गरोदर बायांसाठी याच जिल्ह्यात दवाखान्यांलगत माहेरघरे झालीच ना?

मुक्कामी गाड्याच बंद करा, हा उपाय मात्र नको. गर्देवाड्याला गाडी 1 जानेवारी 2025 ला पोचली, धानोऱ्याच्या कटेझरीला त्याच वर्षीच्या एप्रिलात. अशा टोकाच्या गावांत गाडी रात्री राहिली तरच पोरे सकाळच्या शाळेला आणि आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचतो. खोली मिळेस्तोवर पावसाळ्याआधी दर मुक्कामी गाडीत निदान दोन मच्छरदाण्या तरी ठेवा.

— एक प्रवासी, आलापल्ली (ता. अहेरी, जि. गडचिरोली)