घर पाहावे बांधून

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपली जुनी माणसे सांगत आली. ज्या बायांनी लग्न करायचेच नाही असे ठरवले, त्यांची पहिल्या कटकटीतून सुटका होते, दुसरीतून मात्र नाही. डोक्यावर छप्पर, प्यायला पाणी आणि दोन वेळची भाकर संन्यासिनीलाही लागते. म्हणून आज गोष्ट करायची ती कॅथलिक धर्मभगिनींच्या मठाची.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या वऱ्हाडात ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की गळ्यात टाय बांधलेली पोरे डोळ्यांपुढे येतात. गावोगाव तशा पाट्या लागल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी धर्मभगिनी औषधालाही सापडायची नाही. खरे म्हणजे कॉन्व्हेंट हे त्या भगिनींच्या राहत्या घराचे नाव. यवतमाळ जिल्हा कॅथलिकांच्या अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९५५ साली झाला. शाळा, दवाखाने, वसतिगृहे चालवणाऱ्या सिस्टर आपल्या ओळखीच्या आहेत. पण आणखी एक जात असते, ती आवाराच्या आत राहून प्रार्थना आणि अंगमेहनत करणाऱ्यांची. कार्मेलच्या किंवा संत क्लाराच्या भगिनी या अशा. एकदा आत गेल्या की त्या सहसा बाहेर पडत नाहीत. सारा जन्म ज्या घरात काढायचा, ते घर साध्या इमारतीसारखे बांधून कसे चालेल?

त्याचा आराखडा मात्र आपल्याला परका वाटू नये. चौसोपी वाडा पाहिला आहे ना? मधे चौक, चारी बाजूंनी ओसरी आणि ओसरीला लागून खोल्या. जुना ख्रिस्ती मठ नेमका तसाच असतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवसातून सात वेळा तरी प्रार्थनेला जायचे, तेव्हा खोलीतून प्रार्थनामंदिरात, तिथून जेवणघरात जाताना ऊन लागू नये आणि पाऊस झोडपू नये, म्हणून ही झाकलेली वाट. शिवाय बाग, विहीर, कामाच्या खोल्या, आजाऱ्यांची खोली आणि शेवटी स्वतःची दफनभूमीही आवारातच. मठात पाणी, गिरणी, बाग आणि कारागिरीच्या जागा आतच असाव्यात, म्हणजे उठसूट बाहेर धावावे लागत नाही, असा नियम संत बेनेडिक्टने इटलीत सहाव्या शतकात घालून दिला. शेतकऱ्याला हे वेगळे समजावायला नको.

दाराशी एक गमतीची वस्तू असते. भिंतीत उभे, फिरते लाकडी कपाट. बाहेरच्याने भाजी, पत्र, औषध त्यात ठेवायचे आणि कपाट फिरवायचे. वस्तू आत जाते, चेहरा कोणाचा कोणाला दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यात असा मठ जुन्या पद्धतीने बांधायचा झाला, तर पहिले भांडण काळ्या मातीशी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगून वर येणारी जमीन. तिच्यावर भिंत ठेवली की दोन-चार वर्षांत तडा ठरलेला. पाया मुरूम लागेपर्यंत, जमलेच तर खडकापर्यंत न्यावा लागेल. बाकी सामान मात्र घरचेच आहे. काळा दगड इथला, सागवान इथले आणि चुनखडी वणीच्या बाजूची. राजूरच्या चुनाभट्ट्या कोणाला ठाऊक नाहीत? चुन्याच्या कामाला वेळ लागतो. तो भिजवा, मळा, मुरू द्या, मग हळूहळू दगडासारखा होतो. सिमेंटची सवय झालेल्या ठेकेदाराला एवढा धीर नसतो. पण वैशाखात यवतमाळात पंखा बंद पडला, तर दीड हात जाडीच्या दगडी भिंतीचे मोल कळते. आणि विहिरीचे पाणी जोखायचे ते पौषात नव्हे, ऐन मे महिन्यात.

एवढे झाले बांधण्याचे. बांधलेले टिकते कशावर, हे मात्र गोव्यात जाऊन पाहावे. जुन्या गोव्यात टेकडीवर सांता मोनिकाचा मठ आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ साली त्याची सुरुवात केली आणि काम पुरे व्हायला १६२७ उजाडले. पूर्वेकडचा हा धर्मभगिनींचा पहिला मठ म्हणतात. मधे चौक, जांभ्या दगडाच्या तीन मजली भिंती, त्यांना बाहेरून भक्कम टेकू. १६३६ मध्ये मोठी आग लागली, तेव्हा पुन्हा बांधावा लागला. पैसा होता, म्हणून जमले.

हा पैसा यायचा कुठून? मुली मठात जाताना हुंडा घेऊन जात. होय, हुंड्याने तिथेही पाठ सोडली नव्हती! मठाकडे जमीनजुमला साठू लागला, तशा गोव्याच्या नगरसभेने पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारी नेल्या. लग्नाच्या मुली जातात आणि त्यांच्यामागे घराण्यांची संपत्तीही भिंतीआड जाते, असे गाऱ्हाणे होते. आत तरी सगळ्या सारख्या होत्या का? पोर्तुगीज कुळीच्या मुलींना काळी ओढणी आणि गायनाचा मान. इथल्या मुलींच्या वाट्याला बहुधा पांढरी ओढणी आणि कामधंदा. देवाच्या दारातही उतरंड सुटली नाही.

मग १८३४ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने मठसंस्थाच मोडीत काढल्या. पुरुषांचे मठ बंद झाले. बायांना हुसकले नाही, पण नवी मुलगी घ्यायला बंदी केली. एकेक म्हातारी मिटत गेली आणि १८८५ साली शेवटची भगिनी गेली. पन्नास वर्षे ते घर असे रिकामे होत राहिले. तरी पाहा, शेजारचे ऑगस्टिनी संन्याशांचे प्रचंड चर्च माणसे जाताच १८४२ मध्ये ढासळू लागले. आज त्याच्या मनोऱ्याचा एक तुकडा तेवढा उभा आहे. जांभ्याला गिलावा लागतो, कौल सरकले तर त्याच पावसाळ्यात बसवावे लागते. बायांचा मठ उभा राहिला, कारण आत कोणीतरी राहत होते. १९६४ पासून तिथे ‘मातेर देई’ संस्था धर्मभगिनींना शिक्षण देऊ लागली.

स्पेनमधल्या संत तेरेझाने हा धोका आधीच ओळखला होता. १५६२ साली आविला गावी तिने लहानसे घर घेतले, संख्या तेराची ठरवली आणि हुंडा नाही म्हणून लायक मुलीला परत पाठवू नये असे बजावले. मला विचाराल तर आपल्या मुलखाला हेच माप शोभते.

याचा दाखला दूर नाही. कळंब-देवळीवरून वर्धा ओलांडले की धाम नदीकाठी पवनार लागते. तिथे विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर काढले, ते बायांचे. धर्म वेगळा, भिंती बंदिस्त नाहीत, पण ब्रह्मचर्य, प्रार्थना आणि एकत्र राहणे तेच. शेत स्वतः कसायचे, छापखाना स्वतः चालवायचा, निर्णय सर्वांच्या एकमताने घ्यायचा. विनोबा १९८२ मध्ये गेले, भगिनींचे काम त्यानंतरही चालत राहिले. ज्या घरातल्या बाया आपली भाकर आपण पिकवतात, त्यांच्यावर कोणा नगरसभेला डोळे वटारता येत नाहीत.

म्हणून मठाच्या नकाशात शेत आणि गोठा आधी काढावा, घंटेचा मनोरा मागाहून. आणि एक जागा हात आखडता घेऊन बांधू नये, ती म्हणजे भेटीची खोली. मुलगी जाळीपलीकडे बसते, आईबाप अलीकडे. एसटीने तीन तास हेलपाटत आलेल्या त्या दोघांसाठी रुंद बाक, गार पाण्याचा माठ आणि दारापुढे लिंबाची सावली असावी. परतीची बस सुटेपर्यंत त्यांना तिथून कोणी उठवू नये.