समुद्राचं पाणी परभणीत



आपल्या समाजातल्या घरांतही आता खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या येऊ लागल्या आहेत. नातवंडांना 'निमो' हवा असतो, मुलगा पुण्याहून किंवा मुंबईहून पेटी मागवतो, आणि दोन महिन्यांत उत्साह ओसरला की पेटी आजीच्या गळ्यात पडते. आमच्याकडेही तसंच झालं. माझं मत आधीच सांगते, म्हणजे घोळ नको. असा मासा विकत आणू नये. पण घरात आला असेल तर त्याचं पाणी नीट ठेवणं ही घरच्या बाईचीच नव्हे, सगळ्या घराची जबाबदारी आहे.

"आपल्या घरात मासे? सोडून द्या कुठेतरी," असं मला तीन-चार जणींनी सुचवलं. कुठे सोडू? समुद्र इथून जवळपास चारशे किलोमीटरवर. पूर्णेत किंवा येलदरीच्या जलाशयात खाऱ्या पाण्यातला मासा सोडला तर तो काही तासांत मरतो. त्याला जीवदया म्हणायला माझी जीभ वळत नाही. बंध हा अहिंसाव्रताचा अतिचार आहे हे आपण सगळ्या जाणतो, पण अन्नपाननिरोध हाही त्याच यादीत आहे. आणि माशाच्या बाबतीत पान म्हणजे तो ज्यात राहतो ते सगळं पाणी.

आता पाण्याचं सांगते. पहिली गोष्ट, आपलं बोअरचं पाणी चालत नाही. ते जड असतं, आणि मराठवाड्यात शेतातल्या खतांमुळे त्यात नायट्रेटही उतरतं. आरओचं पाणी घ्यावं, जमल्यास त्यापुढे डीआय फिल्टर लावून टीडीएस शून्यावर आणावा. त्यात समुद्री मीठ घालायचं, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम. हे मीठ पुडीत मिळतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे असतं, त्यामुळे स्वयंपाकाचं किंवा खडे मीठ त्याऐवजी चालणार नाही. शंभर लिटरच्या पेटीला साडेतीन किलो लागतं. नवीन पाणी बादलीत हलवून, मीठ पूर्ण विरघळवून, पेटीच्या तापमानाला आणूनच घालावं.

दुसरी गोष्ट धीराची. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, आणि दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे घेतात. विरजण लागण्याआधी भांडं हलवलं तर दही होत नाही, तसंच हे. दुकानदार पहिल्याच दिवशी पेटीबरोबर मासे देतो आणि ते आठ दिवसांत मरतात, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. चाचणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत पेटीत जीव घालूच नये. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, आणि गाळलेल्या पाण्याची ४८ मिनिटं, हे तोंडपाठ असणाऱ्या बायकांना हे दिवस मोजणं काही जड नाही.

तिसरी गोष्ट हिशोबाची, आणि ती मला फार आवडते. मी बी.कॉम. करताना घसाऱ्याची घटत्या शिलकेची पद्धत शिकले होते, ती चाळीस वर्षांनी इथे उपयोगी पडली. समजा पाण्यात नायट्रेट ४० आहे. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर ते ३६ होतं, पुढच्या आठवड्याला ३२.४, मग २९.१६. चांगलं वाटतं ना? पण त्याच आठवड्यात जास्तीच्या खाण्यामुळे ४ ची भर पडली, तर ३६ चे पुन्हा ४० होतात. म्हणजे वर्षभर पाणी बदलत राहा, शिल्लक तेवढीच. म्हणून खाणं कमी करणं हे पाणी बदलण्याइतकंच मोठं काम आहे. मासा काचेजवळ येऊन तोंड उघडतो, त्याला आपण भूक समजतो आणि चिमूट टाकतो. आजी लोकांची ही सवय नातवंडांवरही चालते म्हणा! दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घालावं, उरलेलं लगेच काढून टाकावं. प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र बुडबुड्यांनी घाण वर आणतं, साय काढावी तशी. ते असलं की काम हलकं होतं.

परभणीचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा. या माशांना २४ ते २७ अंश हवेत, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ वर जातो. चिलर महाग असतो. पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतं, पण पाण्याची वाफ होते आणि मीठ मागेच राहतं, म्हणजे खारटपणा वाढतो. ती तूट साध्या आरओ पाण्याने रोज भरायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. वीज गेली की पंप थांबतो आणि प्राणवायू कमी पडतो, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप घरात हवाच. मेच्या उन्हात दुपारी दोनला लाइट गेली की मासा तुमच्याकडे बघतो, हे लक्षात ठेवून मगच पेटीचा विचार करा.

प्रवाळांचं थोडं वेगळं आहे. २००१ पासून भारतात खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, ते तोडणं गुन्हा आहे. दुकानात कुणी 'जिवंत दगड' किंवा प्रवाळ स्वस्तात दाखवला तर घेऊ नका. आणि हो, अंगठीतलं पोवळंही एका जिवाचाच सांगाडा असतं, एवढं मनात असू द्या.

सर्वांत अवघड प्रश्न मी शेवटी ठेवला होता. या माशाला खायला काय घालायचं? बाजारातलं बहुतेक खाद्य माशाच्या भुकटीचं किंवा कोळंबीचं असतं. शेवाळाचं खाद्यही मिळतं, आम्ही तेच जास्त वापरतो, पण केवळ त्यावर क्लाउनफिशचं शरीर टिकत नाही, तो मिश्राहारी आहे. म्हणजे एक जीव जगवायला घरात दुसऱ्या जिवांची डबी ठेवावी लागते. माझ्या मते एवढं एकच कारण नवीन मासा न आणायला पुरेसं आहे. ज्यांना मुलांना समुद्र दाखवायचा आहे त्यांनी मालवणला किंवा रत्नागिरीला न्यावं. नेमगिरीला जायला आपण वेळ काढतोच ना?

आमचा मासा आहे तोवर आहे. नीट सांभाळला तर क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो, म्हणजे मी सत्तरी ओलांडेन तरी रविवारची बादली सुटणार नाही. वहीत दर आठवड्याला तारीख, तापमान, खारटपणा, नायट्रेट असे चार रकाने मी भरते. सूनबाई म्हणतात, रोजकीर्दच आहे. त्यांना मी सांगून ठेवलंय की हा गेला की पेटी धुऊन माळ्यावर जाईल, आणि नातवाने दुसरा मागितला तर आधी ही वही त्याच्या हातात द्यायची.