पिशवीत गाठ आहे, मग पिशवीच काढायची का?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रॉइड’ हा शब्द दिसला की घरात पहिली भीती वाटते ती कॅन्सरची. पाठोपाठ सल्ला येतो, ‘मुलं झालीत ना, पिशवीच काढून टाका.’ लोह्यातल्या आमच्या भगिनींनी घाई करण्यापूर्वी ही गाठ काय असते ते समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते. त्यातली एखादी पेशी प्रमाणाबाहेर वाढते आणि त्या एकीपासूनच पूर्ण गाठ तयार होते. १९६५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना याचा पुरावा मिळाला. २०११ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ८० स्त्रियांच्या २२५ गाठी तपासल्या. सुमारे ७० टक्के गाठींत एकाच जनुकात बिघाड सापडला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ही गाठ पोसते, म्हणून पाळी कायमची थांबल्यावर ती बहुधा आक्रसते. तिच्यात कॅन्सर निघणे अगदी दुर्मिळ. अनेकींना तर गाठ असल्याचे कळतही नाही.

तरीही भीतीपोटी काय होते, ते आपल्या मराठवाड्याने पाहिले आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची माहिती घेतली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यांत तरुण बायकाही होत्या. पिशवीसोबत अंडाशयही काढले, तर कमी वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात.

याचा अर्थ दुखणे अंगावर काढावे असा नाही. नमाज-रोज्याच्या हिशोबासाठी आपल्या घरातील स्त्रिया पाळीचे दिवस मोजतातच. तोच हिशोब डॉक्टरांना सांगा. आठवडा उलटूनही अंगावरून जात असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, धाप लागत असेल, तर लाजू नका. हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून घ्या.

ऑपरेशन सुचवले, तर तीन प्रश्न विचारा. गाठ केवढी आणि कुठे आहे? गोळ्यांनी भागेल का? पिशवी ठेवून फक्त गाठ काढता येईल का? शंका उरली, तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्या. काहींना ऑपरेशन खरेच लागते. पण तो निर्णय माहिती घेऊन, घरात बसून, त्या बाईला विचारून व्हावा. शरीर तिचे आहे.