मॅगव्हील की लोखंडी डिस्क? वावरात जाणाऱ्या गाडीचं चाक



आज पिकावर लिहीत नाही, चाकावर लिहितोय. कांद्याचं रोप टाकून झालंय, वाफसा यायची वाट बघत बसलोय, म्हणून हात मोकळा आहे.

जुलैत एका रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, आईचं बीपी एकदम वाढलंय. वायसीएमला आणलंय. तुम्ही या." बहीण संत तुकाराम नगरला राहते, यशवंतराव चव्हाण रुग्णालय तिला अगदी जवळ. मी आणि कारभारीण तसेच निघालो. पाऊस धो धो. चाकणच्या अलीकडं पाण्यानं भरलेला खड्डा दिसलाच नाही. पुढचं डावं चाक धाडकन आत गेलं आणि दोन मिनिटांत गाडी डावीकडं बसली. खड्डा कुणाच्या हद्दीतला हे मला विचारू नका, तो वेगळाच विषय आहे.

मोबाईलच्या उजेडात बघितलं तर टायर शाबूत. रिमच्या आतल्या कडेला बोटभर चीर, तिच्यातून सगळी हवा गेलेली. गाडी पोरानं वरच्या मॉडेलची घेतलेली, चकचकीत मॅगव्हीलची. डिकीत स्टेपनी मात्र लोखंडी आणि एक माप लहान. घोटाभर पाण्यात उभं राहून ती चढवली. मोशी, भोसरी, नाशिक फाटा करत हळूहळू पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बहीण आता बरी आहे, गोळ्या चालू आहेत. पण त्या दोन तासांत माझ्या मनात काय काय आलं ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये भाच्यानं ते चाक डिकीतून काढलं. भाचा चाकणच्या पट्ट्यात एका चाकं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. चिरेवरून बोट फिरवून म्हणाला, "मामा, हे असंच व्हायचं. मॅगव्हील वाकत नाही, तडकतं." मग तिथंच उभ्या उभ्या त्यानं मला तासभर शिकवलं. दहावीनंतर एवढं लक्ष देऊन मी काही ऐकलं नव्हतं.

मॅगव्हील हे नाव मॅग्नेशियमवरून. जुन्या काळी शर्यतीच्या मोटारींची चाकं मॅग्नेशियमची असायची, तिथून ते चिकटलं. आपल्या गाड्यांना येतं ते ॲल्युमिनियम, त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. बहुतेक चाकं साच्यात ओतलेली. लोखंडी डिस्क म्हणजे पोलादी पत्रा: कडं गोल वळवून घेतात, मधली थाळी दाबून काढतात आणि दोन्ही वेल्ड करतात. फरक इथंच आहे. आपल्या विहिरीवरच्या पंपाचं ओतीव बॉडी खाली आपटलं तर तडा जातो. घमेलं आपटलं तर पोचा येतो, आणि पोचा आलेल्या घमेल्यानं आपण आणखी चार वर्षं माती वाहतो.

मॅगव्हील कच्चं असतं असं मी म्हणत नाही. भाचा सांगतो, विक्रीला येण्याआधी त्याच्या चाचण्या होतात. चाक तेरा अंशात तिरकं बसवून वरून वजन सोडतात, फिरवून फिरवून थकवतात. पण चाचणी ठरलेल्या वजनाची आणि टायरमध्ये ठरलेली हवा असताना. आपण हवा कधी बघतो? पंपावर डिझेल टाकताना आठवली तर.

त्याचे फायदे खरे आहेत, ते नाकारून चालणार नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं. चाक जाड ओतावं लागतं म्हणून वजनात तेवढी बचत होत नाही, पण काही किलो वाचतात. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं, ते कमी झालं की गाडी रस्त्याला चांगली धरून चालते. ब्रेकची उष्णता लवकर निघते. चाक गोलाईत नेमकं असतं, गंजून भुगा होत नाही. भाचा रोज डांबरी रस्त्यानं कामाला जातो, त्याच्या गाडीला मॅगव्हील शोभतं आणि उपयोगीही पडतं. आपल्याकडं घाटात पळणारा शर्यतीचा गाडा हलका करतात, उसाची गाडी दणकट करतात. शर्यतीच्या गाड्यात कुणी ऊस भरतं का?

आणि खरा घोळ धातूपेक्षा मापाचा आहे. माझ्या गाडीच्या वरच्या मॉडेलचा टायर २१५/५५ आर १७. त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलचा २०५/६५ आर १६, लोखंडी डिस्कवर. पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच, शेवटचा रिमचा व्यास इंचात. गुणाकार करा. माझ्या टायरची भिंत ११८ मिलीमीटर, खालच्या मॉडेलची १३३. बाहेरून चाक जवळपास सारखंच दिसतं, पण रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामधला रबर दीड सेंटिमीटरनं कमी झाला. रिम मोठी म्हणजे गाडी मोठी, असं शोरूममध्ये कौतुकानं सांगतात. भिंतीचं कुणी बोलत नाही.

मग मी आणखी एक चूक केली. नवीन रिमचा भाव ऐकून गार पडलो आणि एका दुकानात त्या चिरेवर आर्गन वेल्डिंग करून घेतलं. भाचा नको म्हणत होता. ओतल्यावर त्या चाकाला उष्णता देऊन मजबुती आणलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेनं ती त्या जागी निघून जाते. दीड महिन्यात वेल्डच्या शेजारीच दुसरी चीर आली. नशीब, गाडी दारात उभी होती. तडकलेलं मॅगव्हील पुढच्या चाकाला परत लावू नका, कुणी कितीही गॅरंटी देऊ दे. लोखंडी डिस्कची कड वाकली तर आपल्या फाट्यावरचा पंक्चरवाला ठोकून सरळ करतो आणि गाडी घरी येते. फार वाकली किंवा बोल्टच्या भोकापाशी तडा दिसला तर तीही बदलायची, पण ती बहुतेकदा आधी सांगून जाते.

शेवटी खालच्या मॉडेलला कंपनी देते त्याच लोखंडी डिस्क आणि त्याच मापाचे टायर घेतले. एका मॅगव्हीलच्या पैशात दोन डिस्क आल्या. बाजारात दिसेल ती रिम लावू नका. बोल्टांचं वर्तुळ जमलं तरी मधलं भोक, चाक आत-बाहेर किती बसतं, ब्रेकला घासतं का, हे सगळं जमायला लागतं. नट त्या रिमसाठीचेच घ्या, मॅगव्हीलचे आणि डिस्कचे बऱ्याच गाड्यांत वेगळे असतात. रिमवर आयएसआयचं चिन्ह बघा. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनं नट पुन्हा आवळा. आणि ट्यूबलेस टायरला मॅगव्हीलच लागतं हा गैरसमज काढून टाका, आताच्या लोखंडी डिस्कवर तो व्यवस्थित बसतो.

डिस्कचे दोष मला भोगावे लागणार आहेत, ते माहीत आहे. शेण, खत, चिखल यानं ती गंजते. टायर जिथं रिमला टेकतो तिथं गंज धरला की रोज थोडी थोडी हवा उतरते आणि पंक्चर काही सापडत नाही. टायर उतरवला की ती कड तारेच्या ब्रशनं घासून रंग मारून घ्यायचा. आतल्या बाजूला चिखल वाळून बसला की ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. कैक जण अलाइनमेंटला पैसे देऊन येतात आणि आत चिखलाचा गोळा तसाच. आधी पाण्याचा पाईप मारून बघा.

मोटरसायकलच्या बाबतीत माझं मत उलटं आहे. पल्सर २००१ साली आली तेव्हा तिलाही आऱ्यांची चाकं होती, मॅगव्हील मागून आली. आऱ्यांचं चाक धक्का खातं, आउट झालं तर कारागीर आरे आवळून सरळ करतो. पण आऱ्यांच्या साध्या रिमला भोकं असतात, म्हणून आत ट्यूब लागते, आणि ट्यूब फुटली की हवा एकदम जाते. रात्री मोटारीवर पाणी द्यायला जाताना ते नको. दोन्हीकडं दुधाचे कॅन बांधून खडकाळ वाटेनं रोज जाणाऱ्यानं मात्र आऱ्यांचीच घ्यावी.

ट्रॅक्टरला हा वाद नाही, तिथं सगळं लोखंडीच. एवढंच सांगतो की बऱ्याच ट्रॅक्टरची मागची रिम आणि डिस्क उलटसुलट बसवून दोन चाकांतलं अंतर कमी-जास्त करता येतं. सरीच्या अंतराला चाक जुळवलं तर पीक तुडवलं जात नाही. मावळातल्या भातवाल्यांनी चिखलणीची केज व्हील घेऊन डांबरी रस्त्यावर यायचं बंद करावं, रस्ता आपलाच आहे.

आता माझं गाऱ्हाणं. पोरानं वरचं मॉडेल मॅगव्हीलसाठी घेतलं नव्हतं. मागचा वायपर, उंची बदलणारी सीट, रिव्हर्सचा कॅमेरा हवा होता. ते घ्यायचं तर मॅगव्हील गळ्यात. शेतकऱ्याला सोयी आणि लोखंडी डिस्क एकत्र मागायची सोय का नाही? गाड्या आपल्याच तालुक्यात बनतात, रस्ता कसा आहे हे बनवणाऱ्यांना रोज दिसतंय. त्यात २०२० साली केंद्रानं नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालतं. शहरात ठीक आहे. पण किटनं खिळ्याचं भोक बुजतं, तडकलेली रिम नाही. त्या रात्री माझ्या डिकीत किट असतं तर आम्ही चाकणच्या अलीकडंच पहाट काढली असती. गाडी बुक करताना डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. नसेल तर ती लिहून घ्या, आणि मगच सही करा.

उरलेली तीन मॅगव्हील चांगली आहेत, गोठ्याच्या माळ्यावर ठेवलीत. चौथ्यावर कोंबडी खुडूक बसलीय, तिला उठवत नाही.