खांबाला हार घालता, खांब वाचता का?

परवा चौकात आमचं तोंड बंद झालं. आमच्यातला एक कार्यकर्ता तावातावानं सांगत होता, कोरेगावला पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले. ऐकणाऱ्यांत एक शिकलेला माणूस होता. त्यानं शांतपणे विचारलं, "कोणत्या पुस्तकात आहे? पान सांगा."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. तो हसला आणि निघून गेला.

मी रात्रपाळीला गेलो. जिनिंगमध्ये रात्रभर सरकी वेगळी, रुई वेगळी होत राहिली. मला राग त्या माणसाचा आला नाही, स्वतःचा आला. मशीनला जे जमतं ते आम्हाला जमत नाही?

म्हणून गड्यांनो, आधी कोरेगावची सरकी वेगळी काढू. 1 जानेवारी 1818. कंपनीचा कॅप्टन स्टाँटन. त्याच्याबरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे 500 शिपाई. शिवाय सुमारे 300 घोडेस्वार, दोन तोफा आणि मूठभर गोरे तोफची. समोर दुसरा बाजीराव. अठ्ठावीस हजारांचा आकडा पुस्तकांत आहे, पण तो त्याच्या सगळ्या फौजेचा. गावात शिरून प्रत्यक्ष लढले ते सुमारे 2000, त्यांत अरब आणि गोसावी होते. कंपनीच्या पलटणीत महारांचा भरणा मोठा, पण मराठे, रजपूत, मुसलमान, ज्यूही होते. दिवसभर पाण्यावाचून लढाई चालली. रात्री पेशव्याची फौज मागं हटली.

एवढं खरं सांगितलं तर आपलं काय कमी होतं? त्या खांबावर कंपनीच्या पडलेल्या 49 जणांची नावं आहेत. त्यांतली 22 'नाक'नं संपतात. जवळजवळ निम्मी. हे दगडात आहे, कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. हातात 22 खरी नावं असताना खोट्या आकड्याची भीक कशाला मागता?

आणि खांबामागची गोष्टही सांगा. ज्या कंपनीसाठी हे मेले, त्यांच्याच सरकारनं 1892च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. म्हणे ही लढवय्यी जात नाही! पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांना 1894 साली अर्ज लिहावा लागला. शिवराम जानबा कांबळ्यांना 1910 साली पुन्हा लिहावा लागला. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 साली. साहेबाला गरज होती तवर नाव दगडात, गरज संपली की नाव रजिस्टरातून बाद. हे न सांगता नुसता जयजयकार करणं म्हणजे मेलेल्यांशी अर्धी बेइमानी.

नाव दगडात कुणाचं जातं, हे आपल्या बीड जिल्ह्यातच बघा. अंबाजोगाईला खोलेश्वराचं देऊळ आहे. खोलेश्वर हा यादवराजा सिंघणाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. बहिणीनं, लक्ष्मीनं, भावाच्या आठवणीसाठी देऊळ बांधलं. शके 1162च्या लेखात ते कोरलेलं आहे, म्हणून आज आपल्याला कळतं. तिचं दुःख खरंच होतं, त्याची मी टिंगल करत नाही. पण त्या रामामागं पायी गेलेले, ओझी वाहिलेले, तिकडंच सडलेले किती? त्यांनाही बहिणी होत्याच की. त्यांच्याकडं देऊळ बांधायला पैसा नव्हता.

गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन घ्या. शनीच्या दर्शनाला सगळे जातात. 10 ऑगस्ट 1763ला तिथं गोदावरीकाठी लढाई झाली. पुस्तकांत माधवराव आहे, राघोबा आहे, निजामाचा कापला गेलेला दिवाण विठ्ठल सुंदर आहे. पूर आला होता, निजाम पलीकडच्या काठावर अडकला, हेही आहे. पुराचं नाव आहे, घोड्यांचं आहे. वैरण कुणी कापली, मढी कुणी ओढली, त्याला एक ओळ नाही. गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम ज्यांच्या माथी मारलं, त्यांनीच रणातली मढीही ओढली असतील. हा माझा तर्क आहे. पुरावा नाही. दोन्हींतला फरक मी तुम्हाला सांगतोय, ध्यानात घ्या.

उकरणाऱ्यांचीही तीच गत. नगर जिल्ह्यात प्रवराकाठी दायमाबाद आहे. 1974 साली सरपणासाठी झुडपाचं खोड खणताना एका माणसाला चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. वजन 60 किलोच्या वर. रथाचा फोटो जागोजाग छापून येतो. खाली उत्खनन करणाऱ्या साहेबांची नावं, आणि ज्याच्या हातानं तो रथ उजेडात आला तो बहुतेक ठिकाणी नुसता 'स्थानिक शेतकरी'. त्याचं नाव छबू लक्ष्मण भिल्ल. पाठ करा.

त्या रथाच्या वयाबद्दल विद्वानांत वाद आहे. का? वस्तू कोणत्या थरात सापडली त्यावरून तिचं वय ठरतं. ही वस्तू शास्त्रीय खोदकामात थराथरानं वर आली नाही. आता हीच विद्या पुस्तकाला लावा. पुस्तकालाही थर असतो. कुणी लिहिलं, कधी, कुणाचा पगार खाऊन? ग्रँट डफनं मराठ्यांचा इतिहास 1826 साली छापला. हा माणूस आधी साताऱ्याला कंपनीचा रेसिडेंट होता. म्हणून तो फेकून द्यायचा का? नाही. वाचायचा, आणि त्याचा थर ओळखून वाचायचा.

बाबासाहेबांनी तेच केलं. 1 जानेवारी 1927ला ते कोरेगावला गेले, पण तिथंच थांबले नाहीत. अस्पृश्य कोण होते, हे शोधायला त्यांनी पोथ्या उकरल्या आणि 1948 साली ग्रंथ लिहिला. पुरावा तुटतो तिथं तर्कानं सांधावं लागतं, हे प्रस्तावनेतच मोकळेपणानं मांडलं. एवढा मोठा माणूस आपला तर्क झाकत नाही, आणि आम्ही ऐकीव आकडा छातीठोक सांगतो!

मी सातवी नापास. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो, एका पानाला एक रात्र जाते. तुम्ही कॉलेजात आहात. तुम्हाला कोणती सबब आहे? सरकारनं छापलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी खंडांतला सातवा काढा, तो ग्रंथ त्यात आहे. वहीत पान नंबरासकट टिपण करा. गावातल्या म्हाताऱ्यांकडून आज्या-पणज्यांची नावं उतरवून घ्या. कुणी पलटणीत होतं का, कुणी कोणत्या धरणावर माती वाहिली, कुणी किती वर्षं कोयता धरला, लिहा. म्हातारं गेलं की तो थर कायमचा गेला.

पुढच्या 1 जानेवारीला हार न्या, माझी ना नाही. दुसऱ्या हातात वही असू द्या. चौकातला तो माणूस परत भेटणार आहे. तो पान विचारील.

पान सांगायचं.

जय भीम.