आधी देशातला अनुभव, मग परदेश

बारावीनंतर वैमानिक व्हायचे आणि थेट परदेशी विमान कंपनीत नोकरी धरायची, असे स्वप्न अनेक घरांत पाहिले जाते. स्वप्न चांगलेच आहे. पण पालकांनी घर गहाण ठेवण्यापूर्वी हिशेब नीट मांडावा.

आपल्याकडे २०० तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळू शकतो. मात्र दुसऱ्या देशात नोंदलेले विमान चालवायचे तर त्या देशाची मान्यता लागते. युरोपचा परवाना हवा असेल तर १३ विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय परदेशी कंपन्या बाहेरचा माणूस घेतात तो बहुधा अनुभवासाठी, आणि मुख्य वैमानिकाच्या परवान्याला १५०० तास लागतात. नोकरीही अनेकदा कराराची. २०२० मध्ये कोरोनामुळे उड्डाणे थांबली, तेव्हा आखातातील अनेक परदेशी वैमानिकांना नोकरी गमवावी लागली.

म्हणून आधी देशातच अनुभव मिळवावा, हे बरे. इंग्रजीची धास्ती मात्र नको. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सहापैकी चौथी पातळी पुरते. उच्चाराला मराठी वळण असले तरी चालते, बोलणे स्पष्ट हवे. विद्यार्थी मित्रहो, त्याचा सराव शाळेच्या परिपाठापासूनच सुरू करता येईल.